बेत

लिमाच्या टेकडीवर आमचं घर.
वरचा मजला बांधायचा राहिलाय,
म्हणून गच्चीभर गंजलेले गज उभे,
आणि त्यांच्यावर आभाळ,
शंभरदा धुतलेल्या बनियनच्या रंगाचं.

तीन वर्षं मी हुडी विकल्या.
खरं सांगायचं तर घाऊकात घेतल्या, छापल्या, विकल्या.
पाठीवर माझं चिन्ह, तीन पायांचं बिनकेसाचं कुत्रं,
आणि किंमत तिप्पट.
लोक डिझायनर म्हणायचे.
मी म्हणू द्यायचे.

मग गमार्राच्या बाजाराची शटरं पडली.
एप्रिलात काही दिवस तर असा नियम होता:
सोमवार, बुधवार, शुक्रवार पुरुषांनी बाहेर पडायचं,
मधल्या वारी बायकांनी,
रविवारी कुणीच नाही.
रविवारी रस्ता कुत्र्यांचा, चारही पायांच्या.

माझ्याकडे एक्केचाळीस हुडी उरल्या,
पाठीवर झगझगीत गुलाबी तारीख
कधीच न झालेल्या कार्यक्रमाची.
एका दुपारी ब्लेड घेतलं नि गच्चीवर बसून एक उसवली,
नुसतं बघायला, आत काय असतं.
टोपी म्हणजे दोन सपाट फाकी,
चिरून ठेवलेल्या माशासारख्या.
बाही तर बाहीसारखी दिसेचना,
टेकडीसारखी दिसत होती.
परत जोडायला गेले तर खांदा मानेत,
मान कुठे तेच कळेना.

बोळापलीकडच्या गच्चीवर डॉन एलेउतेरिओ
गिनीपिगना चारा घालत होता.
एकतीस वर्षं बाजारात कापड बेतलेला माणूस,
कात्री नसतानाही अंगठा कात्रीत असल्यासारखा.
ओरडला,
"पोरी, मढं फाडतेयस की शिकतेयस?"
"दोन्ही!"

तेव्हापासून रोज चारच्या सुमाराला
तो त्याच्या कठड्याच्या भिंतीवर कोळशाने गळा काढायचा,
माणसापेक्षा मोठा,
आणि मी इकडे वर्तमानपत्रावर तो लहान करायचे.
"पुढचा खोल! मागचा नको!
मान पुढे झुकते गं, मागे कोण बघतंय?"
पहिल्या पानावरचे मेलेल्यांचे आकडे
माझ्या कात्रीखाली अर्धे होऊन
एक डाव्या बाहीत जायचा, एक उजव्या.
मी ते वाचायचं सोडून दिलं, मग पुन्हा वाचायला लागले.

माझे सगळे बेत फसले होते
तेव्हा मी पहिल्यांदा काही बेतलं.

जूनमध्ये त्याच्या जिवावर बेतलं.

त्याची भाची निल्दा आणि मी
हिरवा सिलिंडर ढकलत टेकडी उतरलो,
रात्रभर रांगेत.
धुकं ओलं होऊन भुवयांवर बसायचं.
एक हात सिलिंडरवर, लोखंड बर्फासारखं,
दुसऱ्या हातात नंबराचा कागद, भिजत चाललेला.
तेव्हा लक्षात आलं
की हुडीचा खिसा आजवर मी नुसता बघितला होता.
कागद कोरडा राहील असा आतला कप्पा हवा.
बाही तळव्यापर्यंत यावी, अंगठ्याला भोक हवं.
निल्दा उभ्या उभ्या झोपली होती माझ्या खांद्यावर
आणि मी वितीने खिसा मोजत होते.
माझी मलाच लाज वाटली.
तरी मोजला.
त्याच कागदाच्या पाठीवर लिहूनही ठेवला,
एकशे अठ्ठ्याऐंशी नंबर, खिसा सवा वीत.

ऑगस्टमध्ये तो गच्चीवर आला,
निम्मा उरलेला. गिनीपिगही दोनच.
भिंतीवरचा गळा धुक्याने पुसत आणला होता.

पाच हुडी उसवून त्यांच्या कापडातून एक केली होती,
पाठ कोरी, कुत्रं नाही, तारीख नाही.
गुंडाळी करून बोळावरून फेकली.
त्याला झेलता आली नाही, वाकून उचलायला वेळ लागला.
घातली. हात खिशात घातले
आणि ते बराच वेळ तिथेच ठेवले.
टोपी ओढली. मान डावीकडे, उजवीकडे.
मग खोकला, तो संपेपर्यंत
मी गजाला धरून उभी.

शेवटी ओरडायला श्वास नव्हता
म्हणून त्याने अंगठा आणि बोट वर करून
मधलं अंतर दाखवलं:
अर्धा सेंटीमीटर.
मग मानेमागे बोट टेकवलं,
आणि नुसते ओठ हलवले,
उसव.